आईला निळा आणि काळा दोरा एकच दिसू लागला तेव्हा... (मोतीबिंदूविषयी)

ओंजळ

गेला महिनाभर डोक्यात हाच विषय आहे, म्हणून धागा काढते. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

आई ७२ वर्षांची. जवळजवळ ५० वर्षं शिवणकाम केलेलं. मागच्या महिन्यात तिने माझ्या गडद निळ्या पँटला खालून हातशिलाई घातली, आणि घातली काळ्या दोऱ्याने. टाके नेहमीसारखे बारीक, एका मापाचे. रंग तेवढा चुकलेला. मी दाखवलं तर पँट खिडकीपाशी नेऊन तिने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "निळाच तर आहे." तिला खरंच तो निळा दिसत होता.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. अंधार पडल्यावर बाहेर जायचं ती टाळते. जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपते. समोरून कुणी हसलं तर ओळख देत नाही, लोकांना वाटतं बाई शिष्ट झाल्या. दिवा समोर आला की तोंड फिरवून बसते. या सगळ्याला 'वय झालं' म्हणून मी मोकळी झाले होते. त्याचं आता फार वाईट वाटतं.

त्यात एका गोष्टीने आम्ही पुरते फसलो. दीड वर्षापूर्वी तिने जवळचा चष्मा काढून ठेवला. "आता बिनचष्म्याचा सुईत दोरा ओवता येतो," म्हणाली. घरात सगळ्यांना आनंद. डोळे सुधारले असंच आम्ही धरून चाललो.

तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात जास्त. डॉक्टर म्हणतात, रोजच्या कामात अडत असेल तर ऑपरेशन करून टाका, थांबण्यात काही फायदा नाही. नात्यातले एकजात सगळे म्हणतात, पूर्ण पिकू दे, मग काढ. आई दोन्हीकडच्या बोलण्याने गांगरून गेली आहे. ज्यांना या विषयातलं कळतं किंवा जे यातून गेलेत त्यांनी कृपया लिहा. मोतीबिंदूत नेमकं होतं काय, आणि तिला नेमकं कसं दिसत असेल?

---

रानवारा

आमच्या बाबांचंही अगदी हेच. त्यांना आम्ही तीन वर्षं पिकू दिला. त्या तीन वर्षांत त्यांनी वाचन सोडलं आणि हळूहळू बोलणंही कमी केलं. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

एक प्रश्न माझाही. थेंब घालून मोतीबिंदू विरघळतो असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. खरं आहे का?

---

दीपकळी

मी बरीच वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून, म्हणजे नजर आणि चष्म्याचा नंबर तपासायचं, काम केलं आहे. ऑपरेशनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण आत काय घडतं ते सांगू शकते.

आधी थेंबांचं: नाही. मोतीबिंदू विरघळवणारं किंवा मागे नेणारं कुठलंही औषध आजवर सिद्ध झालेलं नाही. थेंबांच्या नादात वेळ जातो.

आता आईच्या डोळ्याचं. बाहुलीच्या लगेच मागे एक पारदर्शक भिंग असतं. साधारण ९-१० मिलिमीटर रुंद आणि मध्यभागी ४ मिलिमीटरच्या आसपास जाड. त्यात एकही रक्तवाहिनी नाही, कारण रक्तवाहिनी असती तर तिचीच सावली मध्ये आली असती. भिंग बनतं लांबट तंतूंचं, आणि त्या तंतूंत क्रिस्टलिन नावाची प्रथिनं इतकी दाटीने आणि एकसारखी बसलेली असतात की प्रकाश अडखळत नाही, सरळ आरपार जातो.

मला आजही नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. भिंग जन्मभर वाढतं. झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वलयं चढावीत तसे जुन्या थरांवर नवे थर चढतात. जुना थर टाकून दिला जात नाही. आतल्या तंतूंमधलं पेशीकेंद्र केव्हाच नाहीसं झालेलं असतं, त्यामुळे तिथलं प्रथिन बिघडलं तर त्याच्या जागी नवं तयार होत नाही. तुमच्या आईच्या भिंगाचा अगदी आतला गाभा तिच्या जन्माच्या आधी घडलेला आहे. तीच प्रथिनं ७२ वर्षं ऊन आणि उजेड सोसत आली. वयाबरोबर ती एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, पिवळी पडतात आणि प्रकाश विखुरतात. हाच मोतीबिंदू. 'डोळ्यावर जाळं आलं' असं आपण म्हणतो खरं, पण वरून काहीच वाढलेलं नसतं. डोळ्याच्या आतलं भिंगच गढूळ झालेलं असतं. म्हणून ते पुसूनही जात नाही आणि खरवडताही येत नाही.

तो भिंगात कुठे झाला आहे त्यावर त्रास ठरतो. आईचा गाभ्यातला असावा, कारण तिची सगळी लक्षणं तिकडेच बोट दाखवतात. गाभा पिवळसर-तपकिरी होतो आणि निळा प्रकाश शोषून घेतो. ज्यावर चित्र उमटतं त्या डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत निळा पोचतच नाही म्हटल्यावर गडद निळा आणि काळा यांत फरक उरणार कुठला? पांढऱ्या भिंतीही तिला पिवळट दिसत असणार, पण हे इतकं सावकाश होतं की माणूस त्यालाच पांढरं समजायला लागतो. आणि चष्मा सुटल्याचं कोडं असं, की गाभा घट्ट झाला की भिंगाची ताकद वाढते, डोळा थोडा मायनस नंबरकडे सरकतो. जवळचं बिनचष्म्याचं दिसू लागतं आणि लांबचं बिघडतं. तुम्ही फसलात यात तुमची चूक नाही. असं सांगत आनंदाने आलेली किती माणसं मी पाहिली आहेत.

---

कानामात्रा

दीपकळी, फार छान उलगडून सांगितलंत. माझी शंका वेगळी आहे. माझ्या सासूबाई दवाखान्यातल्या तक्त्यावरची खालून दुसरी ओळ वाचतात, आणि घरी समोर ठेवलेला पांढरा पेला त्यांना दिसत नाही. आम्हाला वाटायला लागलं की त्या लक्ष वेधून घेण्यासाठी करतात. हे लिहितानाही लाज वाटते.

---

दीपकळी

त्या अजिबात नाटक करत नाहीत.

तक्ता कसा असतो आठवा. लख्ख पांढऱ्यावर काळीभोर अक्षरं, खोलीत डोळ्यावर येणारा दुसरा उजेड नाही. आयुष्यात इतकं ठळक काहीच नसतं. पांढऱ्या टेबलावरचा पांढरा पेला, करड्या पायऱ्यांच्या कडा, सावलीतला चेहरा, हे सगळं जवळजवळच्या छटांमधला फरक ओळखून दिसतं. मोतीबिंदूत तो फरकच आधी पुसला जातो, कारण विखुरलेला प्रकाश पडद्यावर धुक्यासारखा पसरतो. म्हणून तक्त्यावर बरा आकडा आला तरी माणूस अडखळत असतो. डॉक्टरांना ओळ सांगण्याबरोबर हेही सांगा: पेला दिसत नाही, पायरी चुकते, उन्हात गेलं की समोरचं पांढरं होतं. अशा वेळी डोळ्यावर मुद्दाम उजेड टाकूनही नजर तपासता येते.

घरी करण्यासारखी एक साधी गोष्ट. एकेक डोळा हाताने झाकून त्याच पांढऱ्या कागदाकडे पाहायला सांगा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो. एका डोळ्याने कागद पांढरा आणि दुसऱ्याने चहाचा डाग पडल्यासारखा दिसला, तर तपासणी लांबवू नका.

---

पाऊलवाट

मी स्वतः ६४, दोन्ही डोळे झालेत. आधी कसं दिसायचं ते लिहितो.

माझी सुरुवात गाडी चालवताना झाली. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा नुसता दिवा राहिला नाही, त्याला मोठं वलय आणि चारी बाजूंनी फाटे फुटले. गाडी शेजारून निघून जाईपर्यंत रस्त्याची कड दिसायची नाही. त्या दोन-तीन सेकंदांत मी काहीही न बघता गाडी हाकत होतो. एकदा कडेने चालणारा माणूस मला अगदी शेजारी आल्यावर दिसला. घरी आलो, किल्ली खुंटीला लावली आणि ऑपरेशन होईपर्यंत रात्री गाडीला हात लावला नाही. ज्यांचं असं होतंय त्यांनी कृपा करून आजच थांबा.

दुसरं म्हणजे चंद्र. उजवा डोळा मिटून पाहिलं तर डाव्या डोळ्याला दोन चंद्र, एकावर एक सरकलेले. एकाच डोळ्याने दोन दिसणं हेही मोतीबिंदूचं लक्षण असू शकतं, हे मला नंतर कळलं. वर्षभरात दोनदा चष्म्याचा नंबर बदलला, दुकानात स्पष्ट वाटायचं आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

---

निळीशाई

सगळे वयस्कर माणसांबद्दल लिहीत आहेत म्हणून मुद्दाम लिहिते. मी ४१ वर्षांची. एका आजारासाठी काही वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. माझा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या आवरणाला लागून, बरोबर मध्यभागी झाला. तो फार भराभर वाढला, काही महिन्यांतच.

माझं दिसणं वरच्या सगळ्यांच्या उलट. दूरचं बरं, पण पुस्तक वाचता येईना. आणि जितका लख्ख उजेड तितकं वाईट. उन्हात बाहुली बारीक होते आणि प्रकाशाला फक्त मधल्या, नेमक्या गढूळ भागातूनच जावं लागतं. संध्याकाळी बाहुली मोठी झाली की कडेच्या स्वच्छ भागातून बरं दिसायचं. ऑफिसात मी दिवे बंद करून काम करायची, आणि लोकांना वाटायचं माझं डोकं दुखतंय.

स्टेरॉइड मनाने बंद करू नका, त्याने जिवावर बेतू शकतं. पण ती दीर्घकाळ चालू असतील तर डोळे नियमित तपासून घ्या. माझ्या बाबतीत सुरुवातीला हे कुणीच सांगितलं नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

---

दीपकळी

निळीशाई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मधुमेहातही मोतीबिंदू लवकर येतो. भिंगात जास्तीची साखर शिरते, तिचं सॉर्बिटॉल होतं, ते बाहेर पडू शकत नाही आणि पाणी आत ओढतं. त्यामुळे साखर वर-खाली झाली की चष्म्याचा नंबरही हलतो. धूम्रपान, वर्षानुवर्षांचं कडक ऊन आणि डोळ्याला बसलेला मार हीसुद्धा कारणं आहेत.

आणि लहान मुलं. बाळाच्या बाहुलीत पांढरट झाक दिसली किंवा फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा आला, तर एक दिवसही थांबू नका. जन्मतः मोतीबिंदू असेल तर मेंदूला त्या डोळ्याने पाहण्याची सवयच लागत नाही, आणि पुढे ऑपरेशन केलं तरी नजर पूर्ण येत नाही. शिवाय तशी पांढरी झाक पडद्याच्या कर्करोगाचीही असू शकते. मोठ्यांना आठवडे-महिने थांबता येतं, बाळांना नाही.

---

रानवारा

अजून एक विचारतो. आमच्याकडे काचबिंदू आणि मोतीबिंदू हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. एक काका 'बिंदूच तर आहे, पिकला की काढू' म्हणत बसून राहिले. त्यांना निघाला काचबिंदू.

---

दीपकळी

हा घोळ मी रोज पाहिला आहे आणि त्यात माणसांची नजर गेलेली पाहिली आहे. नावातला 'बिंदू' सारखा, बाकी काहीच सारखं नाही. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं. ते बदललं आणि मागचा पडदा व नस चांगली असली तर नजर परत येते. काचबिंदूत, बहुतेक वेळा डोळ्यातल्या दाबामुळे, मागची नस मरत जाते. गेलेली नजर परत मिळत नाही, उरलेली फक्त राखता येते. म्हणून 'बिंदू आहे' एवढ्यावर घरी येऊ नका. कुठला, ते विचारून कागदावर लिहून घ्या. हेही लक्षात असू द्या की साधा मोतीबिंदू दुखत नाही. डोळा लाल होऊन ठणकू लागला, अचानक विजा चमकल्यासारख्या दिसल्या किंवा कडेने काळा पडदा सरकला, तर ते वेगळं काहीतरी आहे. त्याच दिवशी दाखवा.

आता पिकण्याचं. हा सल्ला एके काळी बरोबर होता. पूर्वी मोठा छेद घेऊन आख्खं भिंग बाहेर काढत, टाके घालत आणि जाड भिंगाचा चष्मा देत. इतका खटाटोप करायचा तर नजर पुरती गेल्यावरच करणं शहाणपणाचं होतं. मग १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. लढाऊ विमानांच्या वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले पर्स्पेक्सचे तुकडे डोळा निमूट सोसतो हे त्यांनी पाहिलं होतं, आणि त्याच प्लास्टिकचं भिंग केलं. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडने भिंग आतल्या आत फोडून ओढून घ्यायची पद्धत आणली. दात साफ करायचं अल्ट्रासाउंडचं यंत्र पाहून त्यांना ते सुचलं. तीच आजची फेको. छेद साधारण अडीच मिलिमीटरचा, बहुधा टाका लागत नाही, आणि भिंग घडी करून आत सरकवतात.

या पद्धतीत पिकवण्याने नुकसानच होतं. भिंग जितकं कडक तितका ते फोडायला अल्ट्रासाउंड जास्त, आणि तितका आजूबाजूच्या नाजूक भागाला धक्का जास्त. फारच पिकलेलं भिंग फुगून किंवा त्यातला द्राव झिरपून डोळ्याचा दाब चढू शकतो, आणि मग घाईगर्दीत ऑपरेशन करावं लागतं. दिसण्याने काम अडत नसेल तर मात्र खुशाल थांबा. मोतीबिंदू आहे म्हणून काढलाच पाहिजे असंही नाही.

---

चित्रलिपी

रंगांचा विषय निघाला म्हणून लिहिते. चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदू असल्याचं सांगितलं गेलं, आणि ऑपरेशनच्या भीतीने त्यांनी ते १९२३ पर्यंत पुढे ढकललं. त्या काळात ते रंगाच्या नळ्यांवरची नावं पाहून आणि पॅलेटवरचा ठरलेला क्रम लक्षात ठेवून रंग उचलत. त्यांच्या बागेतला जपानी पूल त्यांनी आधीही रंगवला होता आणि नंतरही. आधीच्या चित्रांत निळे-हिरवे गार रंग आहेत. उतारवयातल्या चित्रांत लाल, तपकिरी, पिवळ्याचा नुसता भडका, पूल शोधावा लागतो. ऑपरेशननंतर त्यांना सगळं निळं दिसतं अशी तक्रार होती. ही चित्रं मी शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ पाहिली आहेत. ओंजळ, तुमच्या आईंच्या दोऱ्याबद्दल वाचलं आणि तीच आठवली.

---

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला मी एकेक प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. गाभा जन्माच्या आधीचा आहे हे ऐकून तिने दोनदा वाचायला लावलं. मोन्यांची गोष्ट ऐकून म्हणाली, "मीपण रिळं क्रमानेच ठेवते, म्हणून इतके दिवस निभावलं."

तारीख ठरली. उजवा डोळा आधी. मोजमापं झाली. डोळ्याची लांबी मोजण्यात एक मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीनने चुकतो, असं तिथल्या मुलीने सांगितलं. कोणतं भिंग बसवायचं यावर अडलो आहोत. एकाच अंतराचं की जवळ-लांब दोन्हींचं?

---

पाऊलवाट

मी एकाच अंतराचं, लांबचं घेतलं, कारण मला गाडी चालवायची होती. वाचायला चष्मा लावतो, काही अडत नाही. बहुअंतराच्या भिंगांत चष्मा पुष्कळ सुटतो, पण प्रकाश वाटला जातो, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, आणि छटांमधला फरक थोडा मंदावतो. पडदा पूर्ण निरोगी नसेल तर डॉक्टर सहसा नकोच म्हणतात. आईंनी दिवसभर काय काम करतात ते डॉक्टरांना हातांनी करून दाखवावं. सुई डोळ्यापासून किती लांब धरतात, तेवढं अंतर.

ऑपरेशनबद्दल भीती असेल तर सांगतो. बाहुली मोठी करायचे आणि बधिर करायचे थेंब घातले. हत्यार काही दिसत नाही. वर प्रखर प्रकाश आणि त्यात हलणारे रंग, एवढंच. यंत्राचा आवाज येतो. वीसेक मिनिटांत झालं. चालू असलेली सगळी औषधं आधी सांगा. प्रोस्टेटसाठी मी टॅमसुलोसिन घेत होतो, त्याने ऑपरेशनच्या वेळी आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत भाग, सैल पडते. आधी माहीत असलं की डॉक्टर तयारीत राहतात.

नंतर थेंबांचं वेळापत्रक तंतोतंत पाळा. डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, रात्री कवच लावून झोपायचं. सुरुवातीला थोडं खुपतं, पाणी येतं. पण दुखणं किंवा लाली वाढत गेली, किंवा आलेली नजर पुन्हा कमी व्हायला लागली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फोन करा. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासातासाला महत्त्व असतं.

माझ्या एका डोळ्याला दोन वर्षांनी पुन्हा धूसर झालं. घरचे म्हणाले, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. नवं भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात तिची मागची बाजू धूसर झाली होती. लेझरने तिला छोटी खिडकी पाडली, पाच मिनिटांचं काम.

---

ओंजळ

झालं. आज सहावा दिवस.

पाऊलवाट, तुम्ही सांगितलंत तसं आईने डॉक्टरांसमोर हवेत सुई धरून दाखवली. त्यांनी हसून अंतर मोजलं आणि त्या हिशेबाने एकाच अंतराचं, जवळचं भिंग बसवलं. लांबसाठी चष्मा लागेल, नंबर काही आठवड्यांनी काढतील. तिला ते चालणार आहे.

दुसऱ्या दिवशी कवच निघालं तेव्हा ती आधी काहीच बोलली नाही. मग डावा डोळा झाकला, उजवा झाकला, पुन्हा डावा. समोरची भिंत पाहत होती. "उजव्याने पांढरी आहे," म्हणाली, "आणि डाव्याने जुनी." घरी येईपर्यंत तिचं तेच चाललं होतं. एकेक वस्तू धरायची आणि दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने तपासायची. माझे केस इतके पांढरे झालेत हे तिला माहीतच नव्हतं.

डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. वाकून किंवा ताण पडेल असं काही करायचं नाही म्हणून मशीन झाकून ठेवलं आहे. आज दुपारी मी थेंब घालायला गेले तर ती खिडकीपाशी माझी निळी पँट मांडीवर घेऊन बसली होती. काळा दोरा उसवून टाकला होता, आणि शेजारी तीन निळी रिळं काढून ठेवली होती. कुठला जुळतो ते मला विचारत नव्हती. तिचं ठरलं होतं.